मदत हवी आहे : परवापासून नोव्हेना वाचायची आहे, पण संतांना विनंती करणं पटत नाही

रानजाई
परवापासून घरी नोव्हेना, म्हणजे संताच्या नावानं नऊ दिवसांची प्रार्थना, आहे आणि वाचायचं काम माझ्यावर आलंय. नऊ दिवस मोठ्यानं "आमच्यासाठी विनंती कर" म्हणायचं, तेही संताला. देव स्वतः ऐकतो ना? मग कॅथलिक लोक संतांना मध्ये का घालतात? "परंपरा आहे" हे उत्तर नको, ते घरी रोज ऐकतेय. लवकर सांगा.

चंद्रभागा
ताई, यात अडण्यासारखं काय आहे? आम्ही पंढरपूरला गेलो की आधी नामदेव पायरीवर डोकं टेकतो, मग विठ्ठल. संतांचा हात धरला की देवापर्यंत पोचायला सोपं जातं. मनात भाव असेल तर खुशाल वाचा.

केळीबाग
कुठल्या संताची नोव्हेना? तुम्ही स्वतः कॅथलिक आहात का? घरात कुणाचं आजारपण आहे, की सणाची आहे? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

पावसाळी
माउंट मेरीला जाणार असाल तर वांद्रे स्टेशनला पश्चिमेला उतरा. ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी जत्रा सुरू होते, आठवडाभर असते. मेणाचे हात, पाय, घर, बाळ सगळं मिळतं, ज्याचा नवस ते वाहायचं. आम्ही हिंदू, पण माझ्या आईनं एक वर्ष चुकवलं नाही. लहान मूल बरोबर असेल तर जत्रा संपल्यावर जा.

रानजाई
माउंट मेरीचं मी विचारलेलं नाही. संत अंतोनीची नोव्हेना आहे, १३ जूनच्या सणाआधीची. माझं माहेर नगरचं, प्रॉटेस्टंट. सासर वसईचं. सासूबाई दरवर्षी स्वतः वाचतात, यंदा त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. नवरा म्हणतो, वाच की, शब्दच तर आहेत. मला ते नुसते शब्द वाटत नाहीत. देव आणि माणूस यांच्यात ख्रिस्त येशू हा एकच मध्यस्थ, १ तीमथ्य २:५, हे संडे स्कूलपासून पाठ आहे.

केळीबाग
अहो, हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं! वारकऱ्यांचं उदाहरण तुमच्या काय कामाचं?

मी वसईचीच. तुमच्याच वचनाच्या चार ओळी वर जा. २:१ मध्ये पौल, म्हणजे ते पत्र लिहिणारा प्रेषित, सांगतो, सगळ्या माणसांसाठी विनंत्या करा, रदबदली करा. म्हणजे एकानं दुसऱ्यासाठी प्रार्थना केल्यानं ख्रिस्ताच्या जागेला धक्का लागतो असं खुद्द पौलाला वाटत नव्हतं. तुम्ही चर्चमधल्या बाईंना "माझ्यासाठी प्रार्थना करा" म्हणता की नाही? अंतोनीला आम्ही तेवढंच म्हणतो. फरक एवढाच की तो १२३१ मध्ये वारला, आणि मरणानं कुणी ख्रिस्तापासून तुटत नाही असं आम्ही मानतो. प्रेषितांच्या विश्वासांगीकारात 'पवित्र जनांचा समागम', म्हणजे हयात आणि गेलेल्या भाविकांची एकजूट, आहे, तो तुमच्याकडेही म्हणतात.

आता ती नोव्हेनाची पुस्तिका उघडा आणि लितानी बघा, म्हणजे एकानं नावं घ्यायची आणि बाकीच्यांनी ठरलेलं उत्तर द्यायचं ती प्रार्थना. देवाचं नाव आलं की उत्तर "आमच्यावर दया कर". संताचं नाव आलं की "आमच्यासाठी विनंती कर". संताला "दया कर" असं एकदाही नाही. आराधना फक्त देवाची, संतांना मान, हा भेद ७८७ च्या निकाया इथल्या धर्मपरिषदेनं स्पष्ट केला. आमच्या आजीला परिषद माहीत नव्हती, पण लितानीत तिचं उत्तर कधी चुकलं नाही.

सरळवाट
पौल जिवंत माणसांबद्दल बोलतोय. गेलेल्यांना हाक मारायला पवित्र शास्त्रात कुठे सांगितलंय? जुन्या करारातल्या 'अनुवाद' पुस्तकाच्या १८ व्या अध्यायात मृतांना विचारणं साफ मना आहे. ताई, मन खात असेल तर वाचू नका. सासूबाईंच्या रागापेक्षा विवेक मोठा.

केळीबाग
अनुवादात मृतांकडून गुप्त गोष्टी काढून घेण्याबद्दल आहे. अंतोनीकडून आम्ही उत्तर मागत नाही. आणि मृत कुणाला म्हणता? अब्राहाम, इसहाक, याकोब यांची नावं घेऊन येशू म्हणाला की देव मृतांचा नव्हे, जिवंतांचा आहे. प्रकटीकरण ५:८ मध्ये स्वर्गातल्या चोवीस वडीलजनांच्या हातात धूपाच्या सोन्याच्या वाट्या आहेत, त्या पवित्र जनांच्या प्रार्थना.

सरळवाट
वाट्या आहेत, मान्य. त्या वडीलजनांना पृथ्वीवरून कुणी हाक मारली असं तिथे लिहिलेलं नाही.

मांडवी
वचनांची मारामारी जरा थांबवा. आमच्याकडे गोव्यात मे महिन्यात वाड्यावरच्या क्रूसापुढे लादीन, म्हणजे गाऊन म्हटलेली लितानी, असते. आमच्या म्हाताऱ्यांना लॅटिनचा अर्थ येत नव्हता, पण "ओरा प्रो नोबिस", म्हणजे "आमच्यासाठी विनंती कर", सगळ्यांच्या तोंडी. आधी गावातले जिवंत एकमेकांसाठी मागतात, मग गेलेल्यांनाही त्यात धरतात. माझी कागदपत्रं हरवली होती तेव्हा आईनं अंतोनीला सांगितलं, तिसऱ्या दिवशी सापडली.

चंद्रभागा
पण हा संत देवापाशी पोचला हे ठरवतं कोण?

केळीबाग
शेवटी पोप. त्याआधी वर्षानुवर्षं चौकशी. त्या व्यक्तीकडे विनंती केल्यावर आजार बरा झाला असेल तर डॉक्टरांचे कागदही तपासतात. मदर तेरेसांच्या २०१६ च्या संतपदामागे ब्राझीलमधल्या एका माणसाच्या मेंदूतले गळू बरे झाल्याचं प्रकरण होतं. बरं करणारा देवच, संतानं शब्द टाकला, असं चर्च म्हणतं. आमच्या वसईच्या गोन्सालो गार्सियांना १५९७ मध्ये नागासाकीला क्रूसावर मारलं, संतपद मिळालं १८६२ मध्ये.

रानजाई, एक राहिलंच. १५६३ मध्ये ट्रेंटच्या कॅथलिक धर्मपरिषदेनं संतांना विनवणं 'चांगलं आणि उपयुक्त' म्हटलंय. न विनवणाऱ्याला पाप लागतं असं म्हटलेलं नाही. तुम्ही शेजारी बसून थेट देवाशी बोललात तरी नोव्हेना मोडत नाही. हे सासूबाईंशी बोललात का?

रानजाई
आज बोलले. इतकी वर्षं विचारायला घाबरत होते. त्या म्हणाल्या, "तुझ्या बाळंतपणात मी अंतोनीला सांगितलं आणि तुझ्या आईलाही फोन करून सांगितलं, पोरीसाठी प्रार्थना कर म्हणून. मला दोघंही आपलीच." आईनं हा फोन मला कधी सांगितला नव्हता.

ठरलंय असं : शास्त्रपाठ आणि प्रभूची प्रार्थना मी वाचणार, लितानी नणंद. "विनंती कर" माझ्या तोंडून निघेल का, आज सांगता येत नाही. सरळवाट, तुमचं म्हणणं मनातून गेलेलं नाही. पण मी तिथे बसणार आहे.

आता वेगळंच. पुस्तिकेचं अक्षर फार बारीक आहे. मोठ्या अक्षरातली कुठे मिळेल? सासूबाईंना पुढच्या वर्षी स्वतः वाचायचंय.

केळीबाग
आधी पॅरिश ऑफिसात, म्हणजे तुमच्या चर्चच्या कचेरीत, विचारा. नाही मिळाली तर निरोप टाका, माझ्याकडची मोठी झेरॉक्स काढून ठेवते.