ओडू : एका मॉड्यूलमधलं फंक्शन दुसऱ्यात कसं वापरायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

ओडू १७ (धंद्याचे व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर) वर अडत दुकानासाठी दोन कस्टम मॉड्यूल आहेत. एकात हमाली-तोलाईची आकारणी, दुसऱ्यात शेतकऱ्याची पट्टी (मालविक्रीचा हिशेब). आकारणीचं फंक्शन पट्टीच्या मॉड्यूलमध्ये हवंय.

नुसतं मॉड्यूलचं नाव घेऊन इम्पोर्ट केलं तर 'मॉड्यूल नॉट फाउंड' येतं. 'ओडू डॉट अ‍ॅडऑन्स'पासून पूर्ण मार्ग दिला की चालतं. इथपर्यंत ठीक. पण आकारणीचं मॉड्यूल त्या डेटाबेसमध्ये इन्स्टॉल नसलं तरी हे इम्पोर्ट बिनतक्रार होतं, कारण फाइल अ‍ॅडऑन्स पाथवर (ओडू मॉड्यूल शोधतं त्या फोल्डरांत) असते. मग सेल्फ डॉट एन्व्हमधून (इन्स्टॉल असलेली मॉडेल्स इथून मिळतात) त्यातलं मॉडेल, म्हणजे ओडूचा डेटा-क्लास, मागितलं की 'की एरर'. मॅनिफेस्टच्या (मॉड्यूलची माहिती देणाऱ्या फाइलच्या) डिपेंड्समध्ये, म्हणजे आधी लागणाऱ्या मॉड्यूलच्या यादीत, नाव घातल्यावर तेही सुटलं.

खरी अडचण पुढे आहे. आता आकारणीला पट्टीतला भाव लागतो. डिपेंड्स दोन्हीकडून लिहिलं तर चक्र तयार होतं आणि मॉड्यूल लोड होत नाहीत.

मला तीन वाटा दिसतात : सामाईक भाग तिसऱ्या बेस मॉड्यूलमध्ये काढणं, फंक्शन अ‍ॅबस्ट्रॅक्ट मॉडेलमध्ये (डेटाबेसमध्ये स्वतःचं टेबल नसलेलं मॉडेल) ठेवून एन्व्हमधून बोलावणं, किंवा इम्पोर्ट फंक्शनच्या आत लिहिणं. तिसरी मला पटत नाही. अवलंबित्व तसंच राहतं, फक्त दिसेनासं होतं. अ‍ॅबस्ट्रॅक्ट मॉडेलमध्ये इतर मॉड्यूलला इन्हेरिट करून नियम बदलता येतो, म्हणून मन तिकडे झुकतंय. पण साध्या गणितासाठी ते जास्त होतं का?

आकारणीचा कोड दोन्हीकडे कॉपी करायचा नाहीये. राउंडिंग एकीकडे बदललं आणि दुसरीकडे राहिलं तर शेतकऱ्याच्या हातात चुकीची पट्टी जाईल.

प्रत्यक्ष असं काम केलेल्यांनी कृपया फोल्डरची रचनाही सांगा.