जुन्या मिलिंगची स्पिंडल बेअरिंग बदलायची आहेत – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

वापरलेली टरेट मिलिंग मशीन घेतली आहे, आर-८ टेपरची (टेपर म्हणजे स्पिंडलच्या तोंडातली कोलेट बसायची निमुळती जागा). टेबल, स्क्रू, गिब ठाकठीक आहेत. रडगाणं आहे ते स्पिंडलचं, म्हणजे कटर फिरवणाऱ्या दांड्याचं. फ्लाय कटरने ॲल्युमिनियमवर हलका कट घेतला तरी जॉबवर लहरी उमटतात, नख फिरवलं तर लागतात. स्टीलला एंडमिल टेकली की चॅटर (कटरची थरथर) सुरू. थोडा वेळ चालवलं की क्विलचं (स्पिंडलला पोटात घेऊन वर-खाली सरकणाऱ्या नळीचं) टोक चांगलंच तापतं. पट्टा काढून स्पिंडल हाताने फिरवला तर एका ठिकाणी बारीक खरखर जाणवते.

हेडवर मॅग्नेट बेस ठेवून डायल गेजचा काटा स्पिंडलच्या नाकाला लावला. कोलेटमध्ये रॉड धरून बाजूला ओढला की डायल ०.०६ मिमी दाखवतो. टेपरच्या आत रनआउट (फिरताना येणारा डगमग) मात्र ०.०१च्या आसपास.

पार्ट्स बुकप्रमाणे खाली ७२०७ ची अँग्युलर कॉन्टॅक्ट जोडी, मध्ये स्पेसर आणि वर ६२०६. ७२०७ बी सहज मिळतंय, पी४ (अतिअचूक दर्जाची) जोडी त्याच्या कितीतरी पट महाग. साधं घालून भागेल का? आणि प्रीलोड (बेअरिंगमध्ये आधीच ठेवलेला दाब) चेकनट किती आवळतो त्यावर ठरतो का? प्रेस आहे, इंडक्शन हीटर नाही.

लेथवाला:
ऑर्डर देण्याआधी डायलची जागा बदला. बेस हेडवर असेल तर बेअरिंगचा प्ले (ढिलाई) आणि क्विलचा बोअरमधला प्ले, दोन्ही एकत्र दिसतात. क्विल पूर्ण आत घ्या, लॉक आवळा, काटा आधी क्विलवर लावून तसंच ओढा. मग क्विललाच क्लॅम्प बांधून त्यावर डायल बसवा आणि काटा स्पिंडलवर. निम्म्याहून जास्त प्ले क्विलचा निघाला तर सोन्याची बेअरिंग घातली तरी लहरी जाणार नाहीत.

खरखरीचंही तेच. पट्टा काढला तरी वरची पुली स्प्लाइनमुळे स्पिंडलसोबत फिरतेच, आणि तिची बेअरिंग वेगळी असतात. स्पिंडल क्विलसकट बाहेर काढून फिरवा, मग कळेल आवाज कोणाचा.

धागाकर्ता:
केलं. क्विल ०.०२, बाकी सगळं बेअरिंगचं. बाहेर काढल्यावरही खालचं खरखरतंय, म्हणजे बदलणं आलंच.

मायक्रॉन:
मग ७२०७ बी विसरा. ‘बी’ म्हणजे गोळ्यांच्या संपर्काचा ४० अंशांचा कोन, पंपासारख्या कामाचं बेअरिंग. मिलिंगला १५ किंवा २५ अंशांची, कारखान्यातच जुळवलेली पी४ जोडी घ्या. जड कट आणि ड्रिलिंग जास्त असेल तर २५. बजेट अगदीच नसेल तर पी५ (अचूकतेत एक पायरी खाली), पण जोडी जुळवलेलीच हवी. वर ६२०६ चांगल्या कंपनीचं असलं की पुरे.

चेकनट आवळून प्रीलोड ‘लावायचा’ नसतो. पाठीला पाठ लावलेल्या जोडीत तो कारखान्यातच रिंगांच्या तोंडांवर ग्राइंड केलेला असतो. आतला आणि बाहेरचा स्पेसर तंतोतंत सारख्या लांबीचे असले आणि नट नीट घट्ट बसला की तो आपोआप येतो. आतला स्पेसर काही मायक्रॉनने जरी आखूड झाला तरी प्रीलोड वाढतो आणि बेअरिंग तापायला लागतं. हे व्हर्निअरने मोजायचं काम नव्हे.

बसवताना जोर ज्या रिंगला घट्ट बसवायचंय तिच्यावरच द्या. गोळ्यांतून जोर गेला की ट्रॅकवर खड्डे पडतात आणि नवीन बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुणगुणतं. हीटर नसला तर ओव्हनमध्ये ८०–९० अंशांपर्यंत तापवा, अलगद बसेल. १२० च्या वर मुळीच नाही, आणि गॅसची ज्योत तर जवळही आणू नका. ग्रीस स्पिंडलचंच, मोकळ्या जागेच्या पाव ते तृतीयांश. ठासून भरायची सवय असते आपल्याकडे सगळ्यांना. तीच बेअरिंग तापवते.

धागाकर्ता:
जुन्या स्पेसरच्या एका तोंडावर वळ पडलाय. ग्राइंड केला तर चालेल ना?

मायक्रॉन:
एकटा नको. आतला-बाहेरचा दोन्ही एकाच वेळी मॅग्नेटिक चकवर ठेवा, एकाच सेटिंगमध्ये एक बाजू, मग उलटून दुसरी. चकवरून उतरवल्यावर डिमॅग्नेटाइझ करा, नाहीतर बारीक चूर चिकटून थेट बेअरिंगमध्ये जाईल. जोडल्यावर सगळ्यात कमी वेगाने सुरू करा आणि तापमान स्थिर झाल्याशिवाय पुढची पुली घेऊ नका. ६० अंशांच्या वर जायला लागलं तर थांबवा, थंड होऊ द्या, मग पुन्हा खालच्या वेगापासून.