लॉनवर पिवळे चट्टे: आत्ता युरिया द्यावा का?

होटगीरोडकर: घरापुढे 600 चौरस फूट हरळीचं लॉन, माती काळी. पारा 42 च्या वर गेल्यापासून पूर्वेकडच्या कंपाउंड भिंतीलगत पिवळे चट्टे पडलेत. रोज संध्याकाळी दहा मिनिटं पाइपने बोअरचं पाणी देतो. पाइप मिनिटाला 15 लिटरची बादली भरतो. कापणी दर रविवारी, मशीन सगळ्यात खालच्या खाचेवर. युरिया टाकला तर सुधारेल का?

बागवान: टाका की, 300 ग्रॅम. वरून भरपूर पाणी सोडा.

काळी_माती: थांबा ओ, युरिया नको. गवत तहानलेलं असताना नत्र दिलं की पाती करपतात, आणि तगली तरी कोवळी वाढ जास्त पाणी मागते. जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाल्यावर हेच 300 ग्रॅम द्या, पाती कोरडी असताना, आणि लगेच पाणी.

आधी हिशोब बघा. चौरस मीटरवर एक लिटर म्हणजे एक मिलिमीटर. तुमचं लॉन 56 चौरस मीटर, दहा मिनिटांचं पाणी 150 लिटर, म्हणजे जेमतेम पावणेतीन मिलिमीटर. तेवढं वरच्या बोटभर मातीतच उडून जातं. मुळंही मग वरच राहतात आणि दुपारी भाजतात. त्यापेक्षा तिसऱ्या दिवशी एकदम 15 मिलिमीटर द्या: 840 लिटर, तुमच्या पाइपने 56 मिनिटं. पण सलग नको. काळ्या मातीत पहिलं पाणी भेगांतून थेट खाली जातं, मग माती फुगून तोंड मिटते आणि उरलेलं रस्त्यावर. निम्मं द्या, अर्ध्या तासाने उरलेलं. पहाटे पाच-सहाला द्या. रात्रभर पाती ओली राहिली की बुरशीला आयतंच.

दुसऱ्या दिवशी लांब स्क्रू-ड्रायव्हर खुपसून बघा. चार इंच सहज गेला तर ओल पोचली. तीन इंचांवर अडला तर पाणी कमी पडतंय.

होटगीरोडकर: आणि भिंतीलगतच का?

काळी_माती: दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन थेट त्या भिंतीवर. ती तापते आणि रात्रीपर्यंत गवताला शेकते. त्या दीड फुटात वेगळं, जास्त पाणी लागणार. खरं सांगायचं तर तिथं गवत काढून खडी टाकलेली बरी.

कापणी दीड-दोन इंचांवर आणा, एका वेळी पात्याचा तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको. लांब पाती स्वतःच्या मुळांवर सावली धरतात. ब्लेडला धार लावा. बोथट ब्लेड पातं फाडतं आणि टोकं पांढरी पडतात.

नर्सरी_अक्कलकोटरोड: चट्ट्यातलं गवत मूठभर ओढून बघा, दादा. मुळं तुटून सहज हातात आलं आणि खाली मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी. मग पाणी वाढवून उपयोग नाही.

बोअरच्या पाण्याने मातीवरही पांढरा थर धरत असेल तर क्षार साचतायत. महापालिकेचं पाणी आलं की त्यातलं एखादं मोठं पाणी लॉनला सोडा, म्हणजे क्षार मुळांच्या खाली जातात. आरओचं वाया जाणारं पाणी मात्र लॉनला घालू नका, त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात.

बागवान: युरियाचं मागे घेतो. पण 840 लिटर मे महिन्यात आणायचे कुठून?

काळी_माती: नसतील तर हरळी झोपू द्या. दर दहा दिवसांनी पाच-सहा मिलिमीटर, म्हणजे तीनेकशे लिटर, एवढ्यावर जमिनीलगतच्या काड्या तग धरतात. वरून वाळलेली दिसेल, तोवर तिच्यावर चालू नका आणि मशीनही फिरवू नका. मेक्सिकन लॉन असतं तर हा सल्ला दिला नसता, ते सावरायला फार वेळ घेतं.