शब्दचर्चा : चॉकलेट डोनट, पेस्ट्री आणि चरबी

प्रश्न : अमेरिकी आहाराच्या एका पुस्तिकेचं मराठी करते आहे. 'चॉकलेट डोनट'ला 'तळलेली चॉकलेट पेस्ट्री' म्हणू का? आणि 'फॅट'ला चरबी?

उत्तर १ : डोनटच ठेवा. पेस्ट्री म्हटलं की आपल्याकडे बेकरीतला क्रीमवाला केकचा तुकडा समोर येतो, आणि तो कुणी तळत नाही. न्यूयॉर्ककडच्या डच वसाहतीत याला 'ओलीकूक' म्हणत, म्हणजे तेलातला केक. १८०९ सालच्या पुस्तकात डुकराच्या चरबीत तळलेले गोड पिठाचे गोळे असं त्याचं वर्णन आहे. तिथे चरबी हा शब्द चपखल बसतो. आता तळण बहुधा वनस्पती तेलात होतं, म्हणून तक्त्यात 'स्निग्धांश' लिहा.

उत्तर २ : माझ्या मते खरी अडचण 'चॉकलेट' या शब्दाची आहे. एका प्रकारात कोको पिठातच असतो. हा बेकिंग पावडरवर फुगतो, मोडला की केकसारखा भुगा पडतो, वर साखरेचं पातळ, चकचकीत कवच असतं. दुसरा यीस्टवर फुगवलेला साधा डोनट, नुसता वरून चॉकलेट लावलेला. तो ओढला की जाळीदार ताणला जातो. दोघांचे आकडे वेगळे, म्हणून 'कोकोच्या पिठाचा' की 'वरून चॉकलेट लावलेला' हे लिहायलाच हवं.

पहिल्याचे अमेरिकी कृषी खात्याचे आकडे असे : १०० ग्रॅममागे सुमारे ४१७ किलोकॅलरी, स्निग्धांश २० ग्रॅम, साखर ३२ ग्रॅम. मध्यम आकाराचा एक डोनट ४२ ग्रॅमचा धरला तर १७५ किलोकॅलरी. दुकानातला बऱ्याचदा याहून मोठा असतो, तेव्हा 'एक डोनट' एवढंच लिहून भागणार नाही, वजन द्याच.

'कोकोमुळे पौष्टिक' असं मूळ मजकुरात असेल तर जपून. गडद रंगासाठी बऱ्याचदा अल्कलीची प्रक्रिया केलेला कोको वापरतात, आणि त्या प्रक्रियेत फ्लॅव्हनॉल (कोकोतले आरोग्याला चांगले मानले जाणारे घटक) बरेच घटतात. त्याच काळ्या रंगामुळे तळताना 'बदामी होईपर्यंत' ही खूणही चालत नाही; वेळ आणि तेलाचं तापमान, साधारण १९० अंश सेल्सिअस, लिहावं लागतं.

प्रश्नकर्ती : आभार! आणि 'ॲडेड शुगर्स'?

उत्तर १ : 'वरून घातलेली साखर' लिहू नका, वाचकाला फक्त कवचावरची साखर वाटेल. 'वेगळी घातलेली साखर' म्हणा. त्यात पिठातलीही आली.