यकृत डावीकडे असलेल्या बाळाचे प्रत्यारोपण

प्रश्न (गुहागर): आठ महिन्यांच्या भाचीच्या पित्तनलिका जन्मतःच बंद आहेत; शिवाय सोनोग्राफीत यकृत डावीकडे, जठर उजवीकडे आणि प्लीहेचे अनेक तुकडे दिसले. ताई यकृताचा भाग देईल, पण अशा रचनेत तो बसेल का?

उत्तर (रत्नागिरी): बसतो. पूर्वी ही आडकाठी मानली जाई. दात्याच्या यकृताचा डावा लहान भाग घेतात. खरी कसोटी शिरांची, कारण अशा बाळांत यकृतामागची मोठी नीला अनेकदा खंडित, तर पोर्टल शीर (आतड्यांकडून यकृतात रक्त आणणारी) अरुंद असते, म्हणून आधी सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्या दाखवणारे स्कॅन) करतात.

उत्तर (मालवण): आमच्या लेकाची शी चुन्यासारखी फिकट होती, तरी आम्ही काविळीचा झाडपाला देत राहिलो आणि बंद पित्तनलिकांऐवजी आतडे थेट यकृताला जोडणाऱ्या कसाई शस्त्रक्रियेची (नाव जपानी शल्यविशारदाचे आहे, दचकू नये) 60 दिवसांच्या आतली वेळ हुकली.

उत्तर (रत्नागिरी): हृदयाचा इको झाला का? अशा बाळांत हृदयदोषही आढळतात.