मदत हवी आहे: हाँगकाँगच्या ओशन पार्कमध्ये पांडा आणि पिल्लं बघायची आहेत

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आईला घेऊन हाँगकाँगला भावाकडे जातोय. तिला बाकी काही बघायचं नाही, फक्त यिंग यिंग पांडा आणि तिची पिल्लं. १५ ऑगस्ट २०२४ ला, स्वतःच्या १९व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, यिंग यिंगला जुळं झालं. पहिलटकरीण पांडांमध्ये तीच वयाने सर्वांत मोठी! मुलगी १२२ ग्रॅमची, मुलगा ११२; म्हणजे लहान पेरूएवढे जीव. आईने तेव्हापासूनचे सगळे व्हिडिओ पाहिलेत.

पण पांडाची पिल्लं साधारण दीड-दोन वर्षांची झाली की आईपासून वेगळी होतात. एवढ्यात कुणी जाऊन आलंय का? तिची पिल्लं जिया जिया आणि दे दे अजून यिंग यिंगसोबत दिसतात, की वेगळे ठेवलेत?

पोटभर बांबू खाल्ला की पांडा तासन्‌तास झोपतात, म्हणून दार उघडताच पोचायचा विचार आहे. बरोबर आहे ना?

आईचे गुडघे फार दुखतात. ओशन पार्क मेट्रो स्टेशनपासून किती चालावं लागतं? आत बसायला बाक आहेत का, व्हीलचेअर मिळते का? रांगेत तिला उभं करायचं नाहीये. कृपया सांगा.