वैमानिक निवड चाचणी दोन महिन्यांवर, आणि मला गाडी लागते

नवा_उमेदवार
हवाई दलाच्या वैमानिक निवडीची यंत्रावरची चाचणी दोन महिन्यांवर आली आहे. हातात काठी (विमान चालवायचा दांडा), पायाखाली रडरची पेडलं (नाक डावी-उजवीकडे वळवायची), कानात आकडे आणि मधेच दिवा लागला की बटण, असं काहीसं असतं म्हणतात. घरी कॉम्प्युटरवर सिम्युलेटर खेळून उपयोग होतो का? दुसरं जरा लाजतच विचारतो. वळणावळणाच्या रस्त्यावर मला हमखास गाडी लागते. निवड झालीच तर विमानात काय होणार माझं?

ढगफुटी
झोप नीट घे आणि रोज पळ. बाकी तुझ्या हातात फारसं नाही.

जुना_मास्तर
पळणं ठीक, पण हातात बरंच आहे. मी अकरा वर्षं शिकाऊ मुलांच्या मागच्या सीटवर बसलोय. नवखी पोरं पहिल्यांदा पायांनी फसतात. सायकलच्या हँडलचं डावं टोक पुढे ढकललं की सायकल उजवीकडे वळते. रडरचं डावं पेडल दाबलं की विमानाचं नाक डावीकडे जातं. म्हणजे आयुष्यभराची सवय नेमकी उलटी! सिम्युलेटर खेळणार असशील तर पेडलसकट खेळ, नाहीतर नुसती बोटं तयार होतील. काठी चिमटीत धर, मुठीत नको. मुठीत धरणारा ताक घुसळल्यासारखी हलवतो.

चाचणीत कामं एकावर एक चढवत नेतात, त्यामुळे कधीतरी सगळ्यांचंच काहीतरी सुटतं. सुटलं ते सोडून पुढचं उचलतोस, की तिथेच हळहळत बसतोस, हे तुझं तुलाच तपासता येईल. पळताना तोंडी हिशेब कर. 120 नॉट म्हणजे ताशी 120 सागरी मैल, म्हणजे मिनिटाला 2. दिशेत 1 अंश चुकलं तर 60 मैलांवर साधारण 1 मैल बाजूला. बसून सगळ्यांनाच जमतं, धाप लागल्यावर बघ.

आता मळमळ. माझ्या पहिल्या तीनही उड्डाणांत मी पिशवी भरली होती, तेव्हा लाजू नकोस. कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव वळणाबरोबर हलतो, डोळे मात्र कॉकपिटच्या आत खिळलेले. दोघांची साक्ष जुळत नाही, म्हणून पोट बिघडतं. मान वर कर, क्षितिज बघ, उपाशी उडू नकोस. काठी स्वतःच्या हातात आली की बरंचसं कमी होतं. तरी राहिलंच तर गोल फिरणाऱ्या खुर्चीत बसवून सवय करून देतात. तिला बाराणीची खुर्ची म्हणतात. कानाच्या याच संशोधनासाठी रॉबर्ट बाराणीला 1914 चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. फक्त चोरून उलटीच्या गोळ्या घेऊन उडू नकोस, बऱ्याच गोळ्यांनी झोप येते. डॉक्टरला सरळ सांग.

नवा_उमेदवार
मनापासून आभार, सर. आणि निवड झाल्यावर सुरुवातीला मुलं कशात गळतात?

जुना_मास्तर
स्टॉलच्या धड्यात, म्हणजे पंखांची उचल जाते तेव्हा. नाक खाली जाताना दिसलं की जीव काठी मागे ओढायला सांगतो. पण पंख हवेला फार मोठ्या कोनात धरल्यामुळेच तर उचल गेलेली असते. काठी पुढे द्यायची, हे पाठ सगळ्यांचं असतं. हात ऐकत नाही.

म्हणून खोलीत खुर्चीवर बसून, डोळे मिटून अख्खं उड्डाण करायचं. प्रत्येक तपासणी मोठ्याने म्हणत आणि हात खरोखर त्या त्या खटक्याकडे नेत. घरचे हसतात, हसू देत. माझ्या हाताखालचा एक मुलगा यात कंटाळा करायचा. इंजिन सुरू करतानाच त्याचं डोकं भरून जायचं, मग आकाशात शिकवलेलं शिरायला जागाच नसायची.

नवा_उमेदवार
आजपासून सुरू. पेडल महाग आहेत, म्हणून टेबलाखाली दोन विटा ठेवल्यात.

जुना_मास्तर
विटा काढ. फळीच्या मधोमध खिळा ठोकून ती फिरती ठेव. एक पाय पुढे गेला की दुसरा मागे यायलाच हवा.